गार बाजू

३ डिसेंबर, मंगळवार

हिला इस्पितळातून घरी आणलं. जिन्यात नात पुढे, मध्ये ही, मागे मी. दर पायरीला मी दोन्ही हात पुढे धरत होतो — कोसळली तर झेलायला! "अहो, मागे व्हा. तुमच्याच धक्क्यानं पडेन मी," ही म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मधूनच रेंगाळतात, गोळ्या दिल्यात, काळजीचं कारण नाही. त्यांना म्हणायला काय जातं! त्या दिवशी गॅलरीत धप्प आवाज झाला तेव्हा मला वाटलं बादली पडली. खुर्चीतूनच ओरडलो, "अगं, सांभाळून!" बादली जागच्या जागी होती. ही पडली होती. हातात ओला टॉवेल तसाच.

तेव्हापासून घरात काहीही वाजलं की मी उठतो. काही वाजलं नाही तरी उठतो.

४ डिसेंबर

दुपारी हिचा डोळा लागला. छाती हलताना दिसेना. नाकाशी बोट धरलं. डोळे न उघडता म्हणाली, "आहे अजून. जा, पेपर वाचा."

पेपर धरून बसलो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

संध्याकाळी पुन्हा बोट धरलं. हिनं हात झटकला. "यांच्यापेक्षा माश्या परवडल्या!" नात खो खो हसली. हसू दे. तिनं ती टॉवेलवाली मूठ बघितलेली नाही.

५ डिसेंबर

नातीनं आज तिच्या बॅगेतून एक पट्टा काढला. मनगटी घड्याळासारखा, पण काटे नाहीत. ती नोकरी करते त्या प्रयोगशाळेत बनवलाय. आतल्या अंगाला बारीक चौकोनी चकत्या, बाहेरच्या अंगाला धातूचे दात, कंगव्यासारखे. सेल नाही, वायर नाही, चार्जर नाही. अंगाच्या उबेवर वीज होते म्हणे! थोडी थोडी वीज साठते, पुरेशी साठली की पट्टा नाडी मोजतो आणि एका डबीला कळवतो. डबी फळीवर ठेवायची. कळवलं की डबीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. आणि नाडीचा आकडा तिकडे नातीच्या फोनवर जातो.

मला आधी भीतीच वाटली. म्हटलं, "म्हणजे हा हिची ऊब काढून घेतो?"

"ती ऊब तशीही हवेत जातेच, आजोबा. हा फक्त वाटेत उभा राहतो."

"किती घेतो?"

"शंभर भाग ऊब गेली तर त्यातल्या एका भागाचीसुद्धा वीज होत नाही."

"मग कसलं हे यंत्र! आमच्या कारखान्याच्या मालकानं पहिल्या दिवशी भंगारात घातलं असतं."

"फरकच एवढासा असतो ना. भट्टीच्या धुरांड्याला लावलं तर पाच-सहा भाग मिळतात. आजी काय भट्टी आहे का?"

"विचार तुझ्या आजोबांना!" ही आतून ओरडली.

मग नातीनं दाखवलं. गरम पाण्याच्या पेल्याला पट्टा गुंडाळला. दिवा लुकलुकला. मग पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूलाही गरम पाण्याचा दुसरा पेला टेकवला. थोड्या वेळानं दिवा बंद! मी म्हटलं, आता तर दुप्पट गरम आहे, मग का नाही लागत? ती म्हणाली, "उबेनं नाही चालत हे. फरकानं चालतं. एक बाजू गरम, एक बाजू गार. दोन्हीकडे सारखंच झालं की संपलं." मग फ्रिजमधला बर्फाचा खडा आणून बाहेरच्या दातांवर धरला. दिवा असा पळायला लागला की बास! "फरक दुप्पट झाला की वीज चौपट," ती म्हणाली.

बाकीचं डोक्यावरून गेलं असेल, पण गार बाजू मला लगेच कळली. सगळं आयुष्य बर्फाच्या कारखान्यात गेलं. लाद्या काढायच्या, बांधायच्या, गाडीत चढवायच्या. मासळी, दूध, इस्पितळातली औषधं, सगळं आमच्या बर्फावर टिकायचं. गारव्यात वस्तू टिकते हे मला कुणी शिकवायला नको. माझे हात तेव्हापासून गारच आहेत. नवी होती तेव्हा ही म्हणायची, आधी हात शेकून या, मग काय ते बोला.

आणखी एक नातीनं सांगितलं. पट्ट्याच्या आत विजेला जेवढी अडवणूक असते, तेवढंच ओझं बाहेरून घालायचं. तेव्हा त्याच्याकडून सगळ्यात जास्त काम मिळतं. फार मागितलं तरी कमी मिळतं, थोडं मागितलं तरी कमी. हे नीट कळलं नाही. लिहून ठेवतो.

६ डिसेंबर

हिच्या डाव्या मनगटावर पट्टा बांधला. डबी पलंगासमोरच्या फळीवर. मी स्टूल घेऊन समोर.

लागला. थांबला. लागला. थांबला — थांबला — थांबला — लागला!

या थांबण्यात माझं काय होतं ते मला माहीत.

८ डिसेंबर, रविवार

नात गेली. तिचं गाव बसनं अर्ध्या दिवसावर. जाताना पुन्हा पुन्हा बजावलं, "दिवा हळू लागला म्हणजे वीज कमी साठली. आजीला काही झालं असा त्याचा अर्थ नाही. नाडीत काही वेडंवाकडं दिसलं तर मीच फोन करीन. तुम्ही त्या दिव्याकडे बघत बसू नका."

"हो," म्हटलं.

तिची पाठ वळली आणि स्टूलावर बसलो.

९ डिसेंबर

आज दिवा बंद पडला!

हीटर चालू होता. खिडकी लावलेली. ही दुलईत गळ्यापर्यंत. लुकलुक थांबली ती थांबलीच. मी वाट बघितली. आणखी बघितली. दार उघडून वरच्या मास्तरीणबाईंना हाका मारत सुटलो. त्या एकट्याच राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, न्हाऊन बसल्या होत्या. डोक्याला पंचा तसाच गुंडाळून जिना उतरल्या. त्यांच्या पावलांनी ही जागी झाली आणि उठून बसली. "काय झालं? कोण गेलं?"

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डबीकडे.

हिचा हात दुलईबाहेर आला. जरा वेळानं दिवा लागला.

"नवरा दिला की डबी दिली तुला?" मास्तरीणबाई हिला म्हणाल्या. दोघी हसल्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१० डिसेंबर

दिव्याकडे बघता बघता गॅसवरचं दूध विसरलो. उतू गेलं, तळ करपला, घरभर वास. खिडकी सताड उघडली. बाहेरची हवा म्हणजे सुरी!

आणि दिवा पळायला लागला!

मी करपलेलं पातेलं हातात घेऊन तसाच उभा. लुक — लुक — लुक. नात होती तेव्हासुद्धा एवढा पळाला नव्हता. अरे, सोपं आहे की! गरम बाजू हिची. ती काही माझ्या हातात नाही. गार बाजू माझ्या हातात आहे!

हीटर बंद केला.

कित्येक दिवसांनी आज पोटभर जेवलो.

१२ डिसेंबर

खिडकी दोन्ही वेळ उघडी ठेवतो. दिवा उत्तम.

"अहो, गारठलेय मी."

"हवा खेळती हवी. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"तू झोपली होतीस तेव्हा."

खोटं बोललो. पण चांगल्यासाठीच. हिला मोजे घातले, मफलर गुंडाळला, दुलईवर दुसरी दुलई टाकली. फक्त डावा हात बाहेर. आत घेते सारखी! मी बाहेर काढतो, ही आत घेते.

"हात माझा आहे की तुमचा?" म्हणाली.

१४ डिसेंबर

वाऱ्यानं खिडकी आपटून लागते. लागली की दिवा मंदावतो. म्हणून सुतळी घेऊन खिडकीचा कोयंडा गजाला बांधून टाकला. लादी बांधायची गाठ मारली, ओढली की घट्ट होते ती.

मास्तरीणबाई डोकावल्या. "ऐन थंडीत खिडकी उघडी? तुम्हाला वेड लागलंय की तिला मारायचंय?"

असलं अभद्र बोलतात! यांनी पोरं शिकवली म्हणे. त्या गेल्यावरही तो शब्द खोलीतच राहिला. मी सारखा हिच्याकडे बघत होतो. मग दिव्याकडे बघितलं. छान चालला होता. तेव्हा कुठे श्वास घेतला.

हिनं विचारलं, "जेवलात?"

"हो."

"किती?"

"व्यवस्थित."

"मग राहू दे उघडी," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

१६ डिसेंबर

दिवा चांगला. हिला शिंका.

१७ डिसेंबर

खोकला लागलाय हिला. कोरडाच आहे. मीठ घालून गरम पाणी दिलं गुळण्यांना. खिडकी लावावी का? लावली की दिवा थांबणार. थांबला की मग कळणार कसं? खोकला ऐकू येतो, म्हणजे आहेच ना, असं एकदा मनात आलं. पण झोपली की खोकला थांबतो. मग?

थोडी लोटून बघितली. दिवा रेंगाळला. पुन्हा उघडली.

भीती वाटते. खिडकीची वाटते, दिव्याची वाटते, खोकल्याची वाटते. कशाची जास्त वाटते ते ठरत नाही, आणि न ठरवता माणसानं करायचं काय?

१८ डिसेंबर

आज मात्र जिवाला बरं वाटतंय!

सकाळपासून दिवा जो पळतोय, असा कधीच पळाला नव्हता. मोजायला गेलो तर मोजताच येईना. खोकला कमी झालाय. गालांवर लाली आलीय, किती दिवसांनी तजेला दिसला. पडून आहे, डोळे मिटलेले, पण चेहरा बघा! हात मुद्दाम आत घेत नाही आता, मी ठेवीन तसा राहतो. गुणी झाली.

नातीचा फोन आला. "आजोबा, आजीची नाडी फार जोरात येतेय. ताप आहे का?"

"ताप कसला! दिवा बघ कसा पळतोय."

"दिवा सोडा. कपाळाला हात लावा."

लावला. गरम लागलं. पण माझ्या हाताला सगळ्यांचीच कपाळं गरम लागतात. बर्फवाल्याचा हात! मुलं लहान होती तेव्हासुद्धा ही मला हात लावू द्यायची नाही, म्हणायची, तुमच्या हाताला दगडही तापलेला लागेल. तसं नातीला सांगितलं.

"थर्मामीटर?"

"सापडत नाही."

"जेवली का ती?"

"झोपलीय. उठली की जेवेल."

मग म्हणाली, "खिडकी उघडी आहे का, आजोबा?"

"हवेपुरती."

फोन ठेवला तिनं. आजची पिढी उगीच घाबरते.

आज मी मुळीच घाबरलो नाही. पहिल्यांदाच! दाढी केली.

१९ डिसेंबर

नात आली. पहिल्या बसनं.

हिला १०३ ताप.

नंतर लिहितो.

२० डिसेंबर

इस्पितळातल्या बाकावर बसून लिहितोय. न्युमोनिया. दोन्हीकडे कफ. नाकाला ऑक्सिजन. नातेवाइकांनी बाहेर बसायचं.

काल काय झालं ते लिहितो, नाहीतर डोक्यातच फिरत राहील. नात आत आली ती आधी आजीपाशी गेली, मग वळून खिडकीशी. सुतळी सोडायला लागली. सुटेना. माझी गाठ! ती नखांनी ओरबाडत होती आणि मी मागून ओरडत होतो, "लावू नकोस! दिवा बंद पडेल!" ती स्वयंपाकघरात गेली, सुरी आणली, सुतळी कापली, खिडकी लावली. मग माझ्याकडे वळली. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं.

म्हणाली, "आजोबा, आजी तापलीय आणि खोली गार पडलीय. फरक वाढला. म्हणून पळतोय तो."

मी म्हटलं, "पण पळतोय ना?"

"दिवा म्हणजे आजी नाही, आजोबा."

दोघांनी हिला खुर्चीत बसवून खाली नेलं, नात आणि गाडीवाला. मास्तरीणबाईंनी पाय धरले. मला कुणी हात लावू दिला नाही.

२१ डिसेंबर

तसंच आहे. डॉक्टर म्हणतात, वय झालंय, त्यात हृदय दमलेलं, दोन-तीन दिवस बघू. काय बघू? मला काही बघायचं नाही.

डबी माझ्या खिशात आहे. दिवा बंद. बंदच असणार, पट्टा नातीच्या पर्समध्ये आहे. सगळं कळतं. तरी काढून बघतो.

२२ डिसेंबर

वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये एक खिडकी उघडी दिसली. जाऊन लावली. मग पुढची. मग सगळ्याच लावत सुटलो. नर्स धावत आली. "बाबा, गुदमरवाल आम्हाला!" हाताला धरून बाकावर आणून बसवलं. हात धरल्यावर दचकली. "केवढे गार! तुम्हालाच पांघरूण देऊ का?"

नको म्हटलं.

गारव्यात वस्तू टिकते. पण ही काय मासळी होती? एवढी साधी गोष्ट! लाद्या उचलून उचलून डोकंही गोठलं की काय माझं?

नात शेजारी येऊन बसली. डबा आणला होता. मी उघडला नाही. तिनंच उघडून समोर धरला. म्हणाली, "माझंही चुकलं. नुसता दिवा ठेवायला नको होता मी. त्याचा अर्थ काय ते लिहून चिकटवायला हवं होतं."

लिहून चिकटवलं असतं तरी मी वाचलं नसतं. दोन घास खाल्ले.

२३ डिसेंबर

ताप उतरला नाही. औषध बदललं.

देवा — पुढे काय लिहू? तूच काय ते बघ.

२४ डिसेंबर

१०१.

२५ डिसेंबर

९९! आणि मला आत सोडलं.

केवढीशी झालीय. पलंगात पलंगच जास्त दिसतो. मी उशाशी उभा राहिलो. बोट पुढे न्यायचं धाडस झालं नाही. नाकाला नळी होती, बोट मावणार तरी कुठे!

हिनंच डोळे उघडले. "घरची खिडकी लावलीत?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं. खिडकी उघडली की तुमचा जीव भांड्यात पडायचा, तेवढं मला दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. हवा खेळती हवी म्हणालात." जरा दम खाल्ला. "दिवा मंद असला की तुम्ही ताटावरून उठायचात. पळाला की दोन घास जास्त जायचे तुम्हाला. म्हटलं, थंडी काय, दुलई आहे."

नर्स आली, बोलू देऊ नका म्हणाली. पण ही ऐकते कुणाचं?

"फार मागता हो तुम्ही माझ्याकडून," म्हणाली आणि डोळे मिटले. रागानं नाही. हिशेबात चूक दाखवावी तसं.

घरी येऊन मागची पानं चाळली. नातीनं ओझ्याचं सांगितलं होतं ते काढून दोनदा वाचलं. आता कळलं असं म्हणत नाही. पण तिसऱ्यांदा वाचवेना.

२९ डिसेंबर, रविवार

घरी आणलं. जिन्यात मी पुढे होतो. मागे बघायची हिंमत नव्हती. प्रत्येक पायरीवर हिचा श्वास ऐकत वर चढलो.

खिडकी बंद. फटीत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या. हीटर चालू. मास्तरीणबाई येऊन भिंतीला हात लावून बघून गेल्या. "आता शहाणे झालात," म्हणाल्या. मला शहाणं वाटत नाही.

नात पट्टा परत घेऊन जाणार होती. हीच म्हणाली, "राहू दे माझ्या हातावर. हलका आहे."

"खोली गरम असली की तो फारसा चालणार नाही, आजी."

"न चालू दे. मी तरी कुठे चालतेय?"

मला तो नको होता. पण हिच्यापुढे बोलणार कोण?

नात बसला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आजोबा, खिडकी." मी तिच्या देखत कोयंडा हलवून दाखवला.

३० डिसेंबर

दिवा दिवसभर बंद.

माहीत आहे का ते. दोन्हीकडे ऊब आहे म्हणून. एक माणूस आणि त्याच्याभोवती गरम खोली, मग फरक राहतो कुठे! चांगलं लक्षण आहे. स्वतःला सारखं सांगतोय.

स्टूल मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तरी मान वळते.

३१ डिसेंबर

दिवा बंद. नाकाशी तीनदा बोट. तिसऱ्यांदा हिनं चावा घेतला!

दुखलं. बरं वाटलं.

१ जानेवारी

जेवण जात नाही. हिनं ताट बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. म्हणाली, "जरा उघडायची का? थोडीशी?"

मी एवढ्या मोठ्यानं "नको!" म्हटलं की वरून मास्तरीणबाईंनी जमिनीवर काठी आपटली.

ही माझ्यासाठी पुन्हा गारठायला तयार आहे. याच्याइतकी भीती मला आजवर कशाचीच वाटली नाही. ही पडली तेव्हाही नाही.

ताट पुढे ओढलं. सगळं संपवलं. बंद दिव्यासमोर बसून! एकेक घास दगडासारखा. ही बघत होती, म्हणून संपवलं.

२ जानेवारी

सकाळी गॅलरीत टॉवेल धुऊन पिळून वाळत घातला. पाणी म्हणजे नुसता बर्फ. बोटं बधिर. आत आलो, दार लावलं. ही डोळे मिटून पडली होती. बोट नाकाशी न्यायला निघालो होतो. नेलं नाही. मनगटच धरलं, पट्ट्यावरूनच, सबंध मुठीत. "काय गार हात हो!" म्हणाली. काढायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." बसून राहिलो. चेहरा बघत होतो हिचा. कपाळावर एक नवी सुरकुती आहे.

दिवा लागला होता म्हणे, चांगला पळत होता. ही सांगते म्हणून लिहितो. मी बघितलं नाही.